लायक कोण, ते डबकं ठरवतं

‘लायक तो जगेल.’

हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं? राखीव जागांचा विषय निघाला की ऐकलं. एसटीत ऐकलं, चहाच्या टपरीवर ऐकलं, गिरणीच्या ऑफिसात एसीखाली बसलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलं. म्हणणारा वर आणखी जोडतो, ‘हा निसर्गाचा नियम आहे बाबा, डार्विननं सांगून ठेवलाय.’ म्हणजे आम्ही हजारो वर्षं गावकुसाबाहेर राहिलो तो निसर्गाचा नियम. तुम्ही वाड्यात राहिलात तोही निसर्गाचा नियम. तुमच्या पोरासाठी लाखोंचं डोनेशन मोजून मेडिकलची सीट घेतली, तेही निसर्गानंच केलं असणार. निसर्ग पावती देत नाही, म्हणून तेवढी पावती मिळत नाही.

मित्रहो, आधी हिशेब साफ करू. हे वाक्य डार्विनचं नाही. डार्विनचं पुस्तक आलं १८५९ साली. हे वाक्य हर्बर्ट स्पेन्सर नावाच्या माणसाचं, १८६४ चं. डार्विननं ते १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत उसनं घेतलं आणि त्या उसनवारीचं व्याज आपण अजून फेडतो आहोत. शिवाय ‘लायक’ हा मराठी शब्दच लबाड आहे. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘बसणारा’. नट बोल्टवर बसतो तसा. नट लायक आहे काय? ज्या बोल्टशी त्याचे आटे जुळतात त्या बोल्टपुरता आहे. बोल्ट बदला, तोच नट भंगारात. यात नटाचं मोठेपण नाही, नटाचा गुन्हाही नाही. एवढी साधी गोष्ट पांढरपेशा पंडितांनी दीडशे वर्षं गुणपत्रिकेसारखी वापरली.

आणि याच लोकांचे भाऊबंद डार्विनला पुस्तकातून हाकलताहेत. जानेवारी २०१८ मध्ये आपल्याच औरंगाबादेत (तेव्हा तेच नाव होतं) वैदिक संमेलनात केंद्राचे शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह बोलले, की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, आपल्या पूर्वजांनी माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं कुठे लिहून ठेवलेलं नाही. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातला उत्क्रांतीचा भाग गेला. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्याची नुसती ‘आनुवंशिकता’ उरली. देशातल्या १८०० हून जास्त शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी सह्या करून निषेध केला. ऐकतो कोण!

बघा गंमत. वंश ठेवला, बदल काढला. बापाचं पोराकडे जातं एवढंच शिकवायचं. काळानुसार माणूस बदलतो हे शिकवायचं नाही. मनूला याहून जास्त काय पाहिजे होतं? एक हात डार्विन पुसतो, दुसरा हात त्याच्याच नावानं आपल्याला नालायक ठरवतो. दोन्ही हात एकाच खांद्याचे.

म्हणून हा विषय आपला आहे. माणूस अजून निसर्गाच्या निवडीनं बदलतो आहे काय, हा प्रश्न प्रोफेसरांवर सोडून चालणार नाही. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. दहावीनंतर शाळा सुटली. वाचनालयातली पुस्तकं आणि तिसऱ्या पाळीनंतरची झोप मोडून जे वाचलं त्यावर लिहितो आहे. कुणाला डिग्री दाखवायची असेल त्यांनी ती भिंतीवर लावावी आणि मुद्द्यावर बोलावं.

गिरणीचा धूर आणि पतंग

निवड म्हणजे काय, याचा सगळ्यात गाजलेला दाखला गिरणीच्या धुरातून आला आहे. इंग्लंडात झाडांवर बसणारा एक पतंग असतो. पांढुरका, अंगावर काळे ठिपके. झाडाच्या सालीवर दगडफूल असतं, त्यात तो लपून जातो, पक्ष्याला दिसत नाही. मग मँचेस्टरच्या कापडगिरण्या धडाडल्या. त्या काय फक्त इंग्लंडच्या होत्या? त्यांच्या पोटात आपला कापूस जात होता. इंग्रजांनी १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड घेतलं. हिंगणघाटचा कापूस तर विलायतेच्या बाजारात हिंगणघाट याच नावानं ओळखला जाई. आपल्या शेताचं बोंड तिकडे जाई आणि तिकडच्या धुराड्यातून काजळी निघे. दगडफूल मेलं, खोडं काळी झाली. काळ्या खोडावर पांढरा पतंग उठून दिसू लागला. पक्ष्यांचं फावलं.

१८४८ साली मँचेस्टरला पहिला काळा पतंग नोंदला गेला. १८९५ पर्यंत त्या शहरात शंभरात सुमारे अठ्ठ्याण्णव काळे झाले. पन्नास वर्षं! पतंगांनी मेहनत केली नाही, मेरिट दाखवलं नाही, मनावर घेतलं नाही. काही काळे आधीच जन्मत होते, ते वाचले, त्यांची पिलं काळी निघाली. पुढे १९५६ साली इंग्लंडात धुराविरुद्ध कायदा झाला. खोडं उजळली. मग काळेच पक्ष्यांना दिसायला लागले आणि पुन्हा पांढरे वाढले. मग सांगा आता, जात्या लायक कोण? काळा की पांढरा? ज्याला उत्तर येत असेल त्यानं धुराड्याला विचारून यावं.

यातून तीन गोष्टी घ्या. एक, एका जातीच्या जिवांत फरक पाहिजे. दोन, तो फरक आईबापाकडून पोराला मिळणारा पाहिजे. तीन, त्याच फरकामुळे कुणी जास्त जगलं पाहिजे, कुणाला जास्त पिलं झाली पाहिजेत. तीनही असतील तर निसर्गाची निवड. एक जरी नसेल तर दुसरं काहीतरी. हे ‘दुसरं काहीतरी’ काय असतं ते नीट बघा, कारण आपली सगळी लढाई तिथे आहे.

ज्या धुरानं पतंग काळा झाला, त्या गिरणीतल्या माणसाचं काय झालं? कापसाची धूळ छातीत जाते. ब्लोरूममध्ये, कार्डिंगमध्ये सगळ्यात जास्त. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर आलं की छाती आवळते, दम लागतो. पुढे रोजच लागतो. डॉक्टरी भाषेत बिसिनोसिस. मँचेस्टरच्या कामगाराला होता, मुंबईच्या गिरणगावात होता, आमच्या खात्यातले म्हातारे अजून खोकतात. दोनशे वर्षं झाली यंत्रगिरण्यांना, कामगाराच्या फुप्फुसाला कापूस पचायला लागला नाही. का? कारण छाती जाते ती चाळिशीत-पन्नाशीत. तोवर पोरं झालेली असतात. आणि कार्डिंगला कोण जाणार हे गुणसूत्र ठरवत नाही. जॉबर ठरवतो, ठेकेदार ठरवतो.

निवडीवरून मुंबईच्या गिरण्यांचा जुना इतिहास आठवा. विणकाम खात्यात पगार जास्त. तिथे अस्पृश्याला मज्जाव. आपली माणसं सूत काढायच्या खात्यात, कमी पगारावर. का? धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा दुसरा कसा तोंडाला लावणार? १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हाच सवाल कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला, विणकाम खातं आमच्यासाठी उघडणार की नाही? आता कल्पना करा, त्या वेळी एखादा विलायती विद्वान गिरणीत आला असता. मोजमाप घेऊन त्यानं लिहिलं असतं, ‘अमुक जातीत विणकामाचं उपजत कौशल्य दिसत नाही.’ निवड झाली होती खरी. निवडणारी थुंकी होती.

तसंच गटाराचं. हातानं मैला उचलण्यावर बंदीचा कायदा १९९३ चा, पुन्हा कडक केला २०१३ साली. तरी माणसं उतरवतात, माणसं मरतात. गटारातला वायू गुणसूत्र तपासत नाही. धडधाकट पोरगाही दोन मिनिटांत जातो. यात फरक नाही, वारसा नाही, निसर्ग नाही. हा खून आहे. ‘निवड’ हा शब्द त्याच्या जवळपास आणणाऱ्याचा हात धरा.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हजारी पस्तीस पोरं वर्षाच्या आत गेली. आपल्यात आणि आदिवासींत चाळीसच्या वर गेली. तीही अशीच गेली. दुधाविना, दवाखान्याविना. त्यांच्या अंगात काय कमी होतं हे शोधायला निघालेल्यांनी आधी त्यांच्या ताटात काय कमी होतं ते लिहावं.

मग माणसात निवड थांबली?

इथे आपलेच काही मित्र उडी मारतात. म्हणतात, बरोबर! माणसानं आग शोधली, घर बांधलं, लस काढली. आता निसर्गाचा हात माणसापर्यंत पोचत नाही. जे आहे ते सगळं समाजानं केलेलं.

थांबा ना भाऊ. एवढ्या घाईनं निसर्गाला रिटायर करू नका.

तिबेटच्या पठारावर चार हजार मीटरवर माणसं हजारो वर्षं राहतात. आपण तिथे गेलो तर रक्त घट्ट होतं, डोकं फुटतं. त्यांचं होत नाही, कारण एक वेगळं जनुक त्यांच्यात पसरलं आहे. २०२४ मध्ये नेपाळमधल्या उंच भागातल्या तिबेटी वंशाच्या चारशेवर बायकांची पाहणी छापून आली. ज्यांचं रक्त न घट्ट होता प्राणवायू जास्त वाहून नेतं, त्यांना जिवंत मुलं जास्त झाली. ही काही अश्मयुगातली गोष्ट नाही, आज नातवंडं खेळवणाऱ्या बायकांची आहे. म्हणजे चाललं आहे. पुस्तकातून काढलं म्हणून थांबलं नाही.

पण तिबेटला कशाला जायचं. विदर्भात राहतो आपण. आपल्या रक्तातच लिहिलेलं आहे. सिकलसेल म्हणा.

विदर्भातली अशी वस्ती दाखवा जिथे हा शब्द माहीत नाही. एएस पॅटर्न, एसएस पॅटर्न हे शब्द आपल्या मायबहिणींना तोंडपाठ आहेत. नागपूरच्या महारांत तो असल्याचं १९५० च्या दशकातच डॉक्टरांनी छापलं. कुठल्या पाहणीत आपल्यातले दहात एक, कुठल्या पाहणीत पाचात एक वाहक निघाले. गोंडांत आहे, परधानांत आहे, तिकडे नंदुरबारकडे भिल्ल-पावरांत आहे. कुणबी-तेल्यांतही सापडतो, कमी. रक्ताच्या लाल रंगाचा जो पदार्थ, हिमोग्लोबिन, त्याच्या लांबलचक साखळीत सहाव्या जागची एक कडी बदललेली. बस, एवढंच. एकीकडूनच आला तर एएस, माणूस धडधाकट, गिरणीत पाळ्या करतो. आई-बाप दोघांकडून आला तर एसएस. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात. हाडं कुणी आतून फोडतं आहे असं दुखतं. पोरं रात्र रात्र ओरडतात. डोळे पिवळे, रक्त चढवा, पुन्हा महिन्यानं रक्त चढवा. कुणी करणी म्हणतं, कुणी वात म्हणतं.

आता सवाल. एवढा वाईट आजार पिढ्यान्पिढ्या टिकला कसा? मारणारी गोष्ट निसर्गानं गाळून टाकायला हवी होती.

उत्तर डबक्यात आहे. अँथनी अॅलिसन नावाचा डॉक्टर, वाढला केनियात. त्यानं १९५४ साली दाखवून दिलं की जिथे मलेरिया, तिथेच आफ्रिकेत सिकलसेल. त्याच्या पाच वर्षं आधी हाल्डेननं रक्ताच्या दुसऱ्या एका आजाराबद्दल असाच तर्क मांडला होता. हा हाल्डेन पुढे इंग्लंड सोडून भारतात आला, इथला नागरिक झाला, भुवनेश्वरला मेला. ज्याच्या रक्तात एकच सिकल जनुक आहे त्या लेकराला मेंदूत जाणारा जीवघेणा मलेरिया फार कमी होतो. संरक्षण नव्वद टक्क्यांच्या आसपास भरतं. म्हणजे डास चावत होते, तापानं लेकरं मरत होती, त्यात एएस लेकरं उरत होती. ती मोठी झाली, त्यांना पोरं झाली. त्यांतल्या काही एसएस निघाल्या आणि मेल्या. निसर्गानं हा सौदा केला. कुणाला न विचारता.

तेव्हा जे लोक ‘हा महारांचा रोग’ म्हणून नाक मुरडतात त्यांना सांगा. या जनुकानं आमचे पूर्वज वाचवले. ना किनाईन होतं, ना दवाखाना, ना वैद्य आमच्या अंगाला हात लावत होता. जंगलाच्या कडेला, नाल्याकाठच्या तापातून आमची लेकरं याच्या जोरावर उरली. याला दोष म्हणायचं की लायकी म्हणायची? डबकं असेपर्यंत लायकी. डबकं बुजवलं की नुसतं दुखणं. पतंगाचं आणि आपलं गणित एकच आहे.

डबकं तर अजून आहे. गडचिरोलीत मलेरिया अजून आहे, म्हणजे तिथे ही निवड आजही चालू आहे, आत्ता, हे वाचताना. जिथे मलेरिया हटला तिथे एएसचा फायदा संपला, एसएसचं मरण मात्र राहिलं. तिथे हे जनुक हळूहळू कमी होत जाणार. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी वेळेवर मिळाली, रक्त मिळालं, तर एसएस पोरगी शिकेल, लग्न करेल, आई होईल. तिथे निवडीचा काटा पुन्हा हलेल. म्हणजे माणूस अजून बदलतो आहेच, पण तो कुठल्या दिशेनं बदलेल हे नाली कोण साफ करतो, फवारणी कुठल्या वस्तीत होते, आरोग्य केंद्रात गोळी आहे की नुसती रिकामी खोकी, यावर ठरतं. निसर्ग आणि व्यवस्था असे दोन वेगळे मालक नाहीत. व्यवस्था डबकं राखते आणि डबकं निवड करतं.

(एक बाजूची गोष्ट. आपल्यातले काही उत्साही वक्ते सांगतात की बुद्धानं ‘सर्व अनित्य’ म्हटलं म्हणजे डार्विन आधीच सांगून ठेवला. हे पुष्पक विमानवाल्यांचं काम आहे, ते त्यांनाच करू द्या. बुद्धानं तपासून घ्यायला शिकवलं, एवढं पुरे.)

कार्ड आणि कुंडली

आता घरातलं बोलतो. कडू लागेल.

आपल्या वस्तीत तपासणीचा कॅम्प लागला की तरण्या पोरी मागच्या दारानं निघून जातात. आया सांगतात, ‘कार्ड नको बाप्पा, पोरीचं लग्न मोडते.’ आणि मोडतं! जयभीमवाल्या घरात मोडतं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, २२ प्रतिज्ञांची चौकट, आणि पोरगी एएस निघाली म्हणून पाहुणे चहा न पिता उठतात. पोरगा एएस असेल तर त्याचं कार्ड पेटीत. पोरीच्या कार्डाची मात्र गावभर चर्चा. कुंडली फाडली म्हणून भाषणं करता आणि रक्ताची नवी कुंडली मांडता. ग्रह गेले, पॅटर्न आला. याला धम्मक्रांती म्हणायचं?

हिशेब करा, बोटांवर होतो. समजा आपल्या जातीत पाचात एक एएस आहे. जातीतच लग्न लावलं तर दोघंही एएस असण्याची शक्यता पाचाची पाच पट, पंचविसात एक. अशा जोडप्याच्या चार पोरांत सरासरी एक एसएस. म्हणजे जातीतल्या शंभर पोरांत एक पोर जन्मभर ओरडणार. त्यात मामाची पोरगी केली, आत्याचा पोरगा केला, तर शक्यता आणखी वाढली, कारण दोघांचं आजोळ-पणजोळ एकच. आता एएस माणसानं ज्या समाजात हे जनुक नाही तिथे लग्न केलं. एसएस पोरं किती? शून्य. जनुक मरत नाही, निम्म्या पोरांत एएस होऊन जातं. पण दोन विळे एकमेकांना भेटत नाहीत.

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात निबंध वाचला, जातीचं मूळ जातीतल्या जातीत लग्न. १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ लिहिलं आणि सांगितलं की खरा उपाय आंतरजातीय लग्न. ते भाषण लाहोरात होऊ दिलं नाही, म्हणून स्वतः छापलं. ते काही सिकलसेलसाठी लिहिलं नव्हतं. पण आज दवाखान्याच्या ओट्यावर बसून हिशेब केला तरी उत्तर तेच येतं.

त्याच पुस्तकात त्यांनी वंशशुद्धीवाल्यांची सालटी काढली आहेत. जातीमुळे वंश सुधारतो असं म्हणणारे तेव्हाही होते. बाबासाहेबांनी विचारलं, सुधारला असता तर हिंदू इतके खुरटे आणि दमानं कच्चे का? पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एका वंशाचे, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परिया एका वंशाचे, हेही त्यांनी मांडलं. १९४८ च्या ‘अस्पृश्य मूळचे कोण’ या पुस्तकात तर विद्वानांनी घेतलेली नाकांची मापं त्यांच्याच अंगावर उलटवली. पुढे २०१३ साली हैदराबादच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी रक्त तपासून छापलं. साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातले लोक सरमिसळ झाले, अगदी सगळे. नंतर दारं बंद झाली. म्हणजे सोवळं हे सनातन नाही, उशिरा लावलेलं कुलूप आहे.

आणि कुलूप लावणाऱ्याच्याही घरात दुखणं साठतं. आंध्र-तेलंगणाच्या वैश्यांत असं जनुक साठलं आहे की भूल देताना वापरायचं एक औषध त्यांना दिलं तर श्वास लवकर परत येत नाही. पैसा होता, तूप होतं, तरी साठलं. हे निसर्गानं निवडलेलं नाही. मूठभर पूर्वज, आणि शेकडो वर्षं आपसातच लग्नं, एवढंच त्याचं कारण.

निर्मूलन कुणाचं?

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला पंतप्रधानांनी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम काढली. ४० वर्षांच्या आतल्या ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. तपासणी पाहिजेच, मी विरोधात नाही. रांगेत पहिले आपण उभे राहू. पण मोहीम मुख्यतः आदिवासी भाग डोळ्यांपुढे ठेवून आखलेली आहे. आपल्या वस्त्या त्यात सुटता कामा नयेत. आणि ‘निर्मूलन’ हा शब्द ऐकला की मी कान टवकारतो. आजाराचं की आजारी माणसाचं?

ही भीती हवेतली नाही. डार्विनचाच नातलग गाल्टन, त्यानं १८८३ साली ‘सुप्रजनन’ या शास्त्राला इंग्रजी नाव दिलं. चांगल्यांची पैदास वाढवा, वाईटांची थांबवा. अमेरिकेत साठ हजारांवर माणसांची सक्तीनं नसबंदी झाली. जर्मनीत १९३३ च्या कायद्यानं चार लाखांच्या आसपास. आणि आपल्याकडे? १९७६ च्या एका वर्षात, आणीबाणीत, साठ लाखांवर पुरुषांच्या नसा कापल्या. कुणाच्या? गरिबाच्या. निसर्गाच्या नावानं सरकार जेव्हा निवड करायला बसतं तेव्हा यादी कुठल्या वस्तीपासून सुरू होते हे सांगायला नको.

म्हणून त्यांचा तो दुसरा युक्तिवाद आत्ताच ठेचा. म्हणतात, औषधानं दुबळे जगतात, वंश बिघडतो. अरे, चष्मा लावून बसलेला न्यायाधीश वाघाच्या जंगलात किती दिवस टिकला असता? त्याच्या चष्म्यानं वंश बिघडत नाही आणि आमच्या पोरीच्या गोळीनं बिघडतो? माणसाचं जंगल आता औषधासकट आहे. ज्याला गोळी मिळते तो ‘बसतो’, ज्याला मिळत नाही तो गळतो. आता तर जनुकांत बदल करायचं औषध निघालं. इंग्लंड-अमेरिकेत २०२३ च्या शेवटी मान्यता मिळाली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, एका माणसाची. गडचिरोलीच्या एसएस पोराचा बाप तेंदूपत्ता तोडतो. उद्या हेच म्हणतील, ज्यांचं रक्त शुद्ध झालं ते लायक.

कोविडात आपण बघितलं. माणसाच्या तिसऱ्या गुणसूत्रावर निअँडरथल नावाच्या जुन्या माणसाकडून आलेला एक तुकडा असतो, तो असला तर कोविड जास्त बळावतो. हे २०२० साली छापून आलं. दक्षिण आशियात साधारण निम्म्या लोकांत तो आहे, ब्राह्मणात आहे, महारात आहे, मुसलमानात आहे. ठीक. गुणसूत्राचा वाटा होता, नाकारत नाही. पण २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून जास्त माणसं गेली. त्यांच्या तिसऱ्या गुणसूत्रावर काय होतं हे विचारायला कोण गेलं? नळी कोरडी होती.

तर पोरांनो, कामं सांगतो. प्रत्येक वस्तीतल्या मंडळानं आधी स्वतःची तपासणी करायची. कार्यकर्त्यांनी, पोरांनी पहिले. पुढारी एएस असेल तर त्यानं सभेत उभं राहून सांगायचं, म्हणजे पोरींच्या मानेवरचं ओझं उतरेल. आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सीयुरिया आहे काय, दर महिन्याला जाऊन बघायचं, नसेल तर लेखी तक्रार, पोच घेऊन. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेलचा आजार धरला आहे, त्याचं प्रमाणपत्र किती एसएस पोरांना मिळालं ते मोजायचं. मलेरियाच्या फवारणीची गाडी कुठल्या गल्लीपर्यंत येते आणि कुठून परत फिरते, तारखेसकट लिहून ठेवायचं. दहावीच्या पोरांना पुस्तकातून काढलेला धडा विहारात शिकवायचा, रविवारी, फळ्यावर पतंग काढून. आणि मंडळातल्या कुणी जातीबाहेर लग्न ठरवलं तर त्याच्या वरातीत सगळ्यात पुढे नाचायचं, मागे राहून कुजबुजायचं नाही.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी पुढच्या अंकात लिहावं. तोंडी वाद घालायचा असेल तर या आठवड्यात मला तिसरी पाळी आहे, दुपारी चारनंतर विहारात भेटेन. सिकलसेलचं कार्ड सोबत घेऊन या, माझंही दाखवतो.